तांदळात लिहिलेलं नाव

बायको जाऊन आठ महिने झाले. इथे ऑस्ट्रेलियात, टूवूंबाच्या स्मशानात एका भिंतीच्या कोनाड्यात तिची रक्षा आहे. वर पितळी पाटी बसवायची होती. तिच्यावर काय लिहायचं ते मी सांगायचं, आणि मी टाळत होतो. लेक दर रविवारी विचारायची, "बाबा, पाटीचं?" मी म्हणायचो, "बघू."

जावई इकडचा, गोरा. वाडवडील शोधायचं खूळ त्याच्या डोक्यात. त्याचा खापरपणजोबा कॅनडातून इथे आला, आणि त्याच्याही मागचे फ्रान्सहून कॅनडात गेलेले शिपाई. सुटीच्या दिवशी हा कॉम्प्युटरवर चर्चच्या जुन्या वह्या बघत बसायचा. मी सातवी पास, जन्मभर गिरणीत फिटर. मला त्यातलं काय कळणार? पण माझी खोली खायला उठायची, म्हणून त्याच्याजवळ खुर्ची टाकून बसायचो. लेक मध्ये मराठीत सांगायची.

त्या शिपायांना पलटणीत टोपणनाव मिळायचं. एखादा 'फूल', एखादा 'बिनघोर'. पुढे ते आडनावाला चिकटायचं, अमुक ऊर्फ तमुक. मग एक भाऊ जुनं आडनाव लावायचा, दुसरा नुसतं टोपणनाव. जावई तिथेच अडकला होता. एका माणसाचा बाप काही सापडेना.

"बाबांना पलटणीत काय नाव मिळालं असतं?" त्याने लेकीला विचारलं.

"'बघू'," ती म्हणाली. "दुसरं काय!"

एका दुपारी तो ओरडलाच, "बाबा, गॉट हिम!" वाट एका बाईमुळे सापडली होती. त्या लोकांत लग्न झालं तरी बाई कागदावर माहेरच्याच नावाची. पोराच्या नाव ठेवण्याला तेच, नवऱ्याच्या मरणाला तेच, स्वतःच्या मरणालाही तेच. नवऱ्याचं आडनाव एका वहीत एक, दुसऱ्या वहीत दुसरं. पण बायको दोन्हीकडे तीच, म्हणजे नवराही तोच.

मग त्याने वंशावळीत आमची बाजू भरायला घेतली. "आईंचं जन्माचं नाव?"

लेक म्हणाली, "तेच की."

"तेच नाही," मी म्हणालो.

"म्हणजे? मामा फोनवर म्हणायचा ते? मला वाटायचं ते लाडाचं."

लाडाचं नव्हतं. बारशाचं होतं. आमच्या चाळीत त्याच नावाची एक बाई होती, नळावर माझ्या आईशी रोज भांडायची. आई म्हणाली, ते नाव माझ्या घरात नको. लग्नात ताटात तांदूळ पसरले आणि मी अंगठीने आईने सांगितलेलं नाव लिहिलं. बायको शेजारी मान खाली घालून वाचत होती. तिला कोणी विचारलं नाही. मीही नाही. पुढे भावाचा फोन आला की ती चुलीवरचं टाकून धावायची. मला वाटायचं, भावासाठी. आता वाटतं, त्या नावाने हाक मारणारा तेवढा एकच उरला होता.

हे सगळं सांगितलं तशी लेक म्हणाली, "पण बाबा, पासपोर्टवर, इथे मराठी मंडळात, सगळीकडे आईचं हेच नाव. लोकांना कळणार नाही."

"दोन्ही घाल. आधी तिच्या आईबापांनी ठेवलेलं. मग ऊर्फ. मग माझ्या आईचं."

"एका ओळीत मावणार नाही."

"मग मोठी पाटी घे."

जावई म्हणाला, "नो वरीज, बाबा," आणि तिथेच ऑर्डर टाकली.

गेल्या गुरुवारी पाटी बसली. आमच्या वेळी नवरा बायकोला नावाने हाक मारत नसे. मी तिला जन्मभर 'अगं' म्हणालो, ना हे नाव ना ते. भिंतीपुढे उभं राहून पहिलं नाव वाचलं, मोठ्याने.

"काही म्हणालात, बाबा?" लेकीने मागून विचारलं.

"तुला नाही," मी म्हणालो.