मेल्टरकाकांचा चमचा

मेल्टरकाका वाइन चमच्याने प्यायचे. बाटली उघडली की लांब दांड्याचा स्टीलचा चमचा घ्यायचा, त्यात थोडी वाइन ओतायची, खिडकीपाशी उजेडात धरून रंग बघायचा, नाकाशी न्यायची आणि मग जिभेवर. भट्टीतलं वितळलेलं पोलाद लांब चमच्याने काढून त्याचं सॅम्पल घेण्यात ज्याची सगळी नोकरी सरली, त्याची सवय रिटायर झाल्यावर सुटणार कशी? पहिल्या चमच्यावर मात्र ते कधीच मत देत नसत. दहा मिनिटं थांबायचे आणि दुसरा घ्यायचे. "पहिला सॅम्पल धरत नसतात, पोरी," ते मला सांगत. "नवी बाटली अन् नवा माणूस, दोघंही आधी आंबटच लागतात."

काका माझ्या बाबांचे दोस्त. दोघं भिलाईच्या पोलाद कारखान्यात एकाच भट्टीवर मेल्टर होते. मी कॉलेजात असताना बाबा गेले, आणि तेव्हापासून काका दर रविवारी आमच्या क्वार्टरवर येत, आईशी दोन शब्द बोलत आणि मला "दुसरं मत" द्यायला स्वतःच्या घरी घेऊन जात. त्यांना खरंच दुसरं मत हवं असे की बाप नसलेल्या मुलीचा रविवार त्यांना बघवत नसे, हे मी कधी विचारलं नाही.

त्यांच्या घरी पाहुणे फार. शेजारचे बंगाली, वरच्या मजल्यावरचे तेलुगू, प्लांटमधले जुने साथीदार, कोणाचा तरी नागपूरहून आलेला साळा. सगळ्यांना लाल वाइन. त्यामागे काकांचा हिशोब सरळ होता. "व्हिस्की पाजली की भांडतात, सरबत पाजलं की लवकर उठतात. वाइनवर माणूस जेवणापर्यंत बसते अन् घरी सरळ चालत जाते." पेन्शनरच्या खिशाला महागडी बाटली परवडणारी नव्हती, आणि परवडली असती तरी त्यांनी घेतली नसती. नावाजलेली बाटली आणून वाहवा मिळवण्यात काय कसब, असं त्यांचं म्हणणं.

दुकानात ते मला बरोबर नेत आणि मी लाजेने चूर होई. लोक बिअरच्या पेट्या उचलत असायचे, आणि हे चष्मा कपाळावर चढवून खालच्या फळीशी उकिडवे बसलेले. "साहब, ये तो कोई लेता नहीं," दुकानदार सांगे. "इसीलिए तो देख रहा हूँ," काका म्हणत. वरच्या फळीवरची बाटली ते घेत नसत, कारण पत्र्याखाली ती उन्हाळाभर तापलेली असणार. जुनी म्हणजे चांगली, हेही त्यांना मान्य नव्हतं. "स्वस्त वाइन ताजीच प्यावी. म्हातारं होणं तिले परवडत नाही." लेबलवर कधी न ऐकलेल्या द्राक्षाचं नाव दिसलं की त्यांचे डोळे चमकत. ओळखीच्या नावाचे पैसे जास्त, अनोळखी नावात मजा जास्त. मग एकच बाटली घ्यायची, घरी सॅम्पल काढायचं, आणि पसंत पडली तर दुसऱ्या दिवशी त्याच लॉटच्या उरलेल्या उचलून आणायच्या.

काकू भंडाऱ्याकडच्या, हाताला तिखट. त्यांच्या काळ्या रश्श्याशी जमेल अशी वाइन शोधणं हे काकांच्या आयुष्याचं कोडं होतं. कडक, तोंड ओढणारी वाइन आणि काकूंचा रस्सा एका ताटात आले की जिभेवर मारामारी होते, हे त्यांनी स्वतःची जीभ पोळून शोधलं होतं. म्हणून हलकी, रसाळ, आणि थोडी गार. लाल वाइन गार करत नाहीत, असं कोणी शहाण्याने सांगितलं की ते उसळत. "रूम टेंपरेचरले पाहिजे म्हणते! कोणाच्या रूमचं? भिलाईच्या मे महिन्यातल्या?" त्यांच्या बाटल्या कूलरच्या टाकीत पोहत असत. काकूंनी मात्र त्या वाइनचा एक थेंब कधी तोंडात घेतला नाही.

प्रत्येक बाटलीवर काका खडूने लिहीत. 'पास' किंवा 'डायव्हर्ट'. नापास नाहीच. भट्टीतलं पोलाद ठरलेल्या ग्रेडचं उतरलं नाही तर ते फेकत नाहीत, दुसऱ्या ग्रेडला वळवतात. काकांची बिघडलेली वाइन मटणाला लागे, नाहीतर संत्र्याच्या रसात जाई.

आता माझ्या लग्नाची गोष्ट, कारण ते चार बाटल्यांवर टांगलं होतं.

नीलेश प्लांटमध्ये इंजिनिअर होता, आमचं ठरलं होतं, पण त्याचे वडील राजी नव्हते. ते नाशिककडचे द्राक्षबागाईतदार. भिलाईची मुलगी केली तर मुलगा कायमचा तिकडेच राहणार, आणि हिंदी मुलखात वाढलेली ती मराठी तरी धड बोलते का, हा त्यांचा घोर. शेवटी एप्रिलमध्ये ते स्वतः मला बघायला यायला निघाले. हो की नाही, ते त्या भेटीतच ठरणार होतं. आईचा जीव थाऱ्यावर नव्हता. काका म्हणाले, "माझ्या घरी आणा. पोरीच्या बापाच्या जागी मीच बसतो."

वाइनसाठी द्राक्षं पिकवणारा माणूस येणार म्हटल्यावर काकांनी तीन आठवडे सॅम्पलं काढली. सात बाटल्या डायव्हर्ट झाल्या, आम्ही संत्र्याचा रस पिऊन कंटाळलो, आणि मग एक पास झाली. त्या लॉटच्या चार आणल्या आणि काका माझ्या आईला घेऊन लागोपाठ दोन दिवस दुर्गला साड्या बघायला गेले.

त्या दोन दिवसांत काकूंनी गच्चीवर कुरडया घातल्या होत्या. लोणच्याच्या बरण्यांनाही ऊन दाखवायचं होतं. त्यांनी बाटल्याही नेऊन ठेवल्या. पाहुण्यांसाठी आणलेली वस्तू, खराब नको व्हायला! दोन दिवस, भिलाईच्या एप्रिलमधलं ऊन.

पाहुणे यायच्या दोन तास आधी काकांनी चमचा तोंडात घातला आणि ते जिन्यावर बसले. दुसरा चमचा घेतला. तसाच. गुळाच्या काकवीसारखी लागत होती, आणि त्या दिवशी नेमका ड्राय डे, दारूची दुकानं बंद. काकू रडकुंडीला आल्या. "मले कोणी सांगितलंच नाही जी!" काकांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांना हसूच फुटलं. "चूक माझी. चाळीस वर्षांत भट्टीजवळ सूचनेचा बोर्ड लावल्याशिवाय राहिलो नाही, अन् घरी लावला नाही." मग त्यांनी खडू उचलून चारही बाटल्यांवर डायव्हर्ट लिहिलं, आणि मी संत्री सोलायला बसले.

पाहुणे आले. नीलेशचे वडील ताठ बसले, माझ्याशी दोनच वाक्यं बोलले. काकांनी दालचिनी-लवंग घातलेला तो संत्र्याचा जग पुढे आणला, पण आधी एक चमचा निव्वळ वाइन त्यांच्यासमोर धरली. "भाऊसाहेब, तुमच्यापासून लपवत नाही. चांगली होती, आमच्या घरी बिघडली."

त्यांनी चमचा घेतला, चव घेतली, डोळे मिटले. "ऊन लागलंय हिला. किती दिवस?"

"दोन," दारामागून काकूच बोलल्या. "लोणच्यासंगं ठेवली होती मी."

ते गृहस्थ इतके हसले की त्यांना ठसका लागला. जग रिकामा झाला, रस्सा दोनदा वाढून घेतला. उठताना ते काकांना म्हणाले, "बिघडलेला माल चांगला म्हणून पुढे करणारे पुष्कळ पाहिले. तुम्ही बिघडलेला आधी दाखवलात. मुलीबद्दल आता काय विचारायचं?" मी स्वयंपाकघरात जाऊन काकूंच्या गळ्यात पडले. काकूंनी मात्र त्या दिवसानंतर बाटलीला हातसुद्धा लावला नाही.

पुढे काकांनी क्वार्टर सोडून दुर्गजवळ बोरसीला घर बांधलं. रविवार तिकडे होऊ लागले, माझी मुलं काकांच्या कूलरच्या टाकीत हात घालून बाटल्या मोजू लागली. मागच्या हिवाळ्यात काका चार दिवसांच्या आजारात गेले. मला दुसऱ्यांदा पोरकं वाटलं, आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही.

महिन्याभराने काकूंनी बोलावलं. कपाटात एक बाटली होती, लेबलवर मी कधी न ऐकलेलं द्राक्ष, आणि खडूची खूण नव्हती. "सॅम्पल राहिलं होतं त्याइचं," काकू म्हणाल्या. मी बाटली उघडली, चमचा भरला, पण खिडकीपाशी गेल्यावर मला काही दिसेनाच. काकूंनी माझ्या हातातून चमचा घेतला आणि सरळ तोंडात घातला. जन्मात पहिल्यांदा. कच्चा आवळा चावल्यासारखं त्यांचं तोंड झालं.

"अवं माय! याच्यासाठी हा माणूस भरउन्हात दुकानं फिरे?"

मला रडता रडता हसू आलं. मी खडू उचलला, डायव्हर्ट लिहायला. काकूंनी माझा हात धरला.

"थांब ना, घाई कावून करून राहिली? दहा मिनिटं बस. पहिला सॅम्पल धरत नसतात."