सासूबाईंनी गाडी पार्किंगवरच टाकली होती

आमच्या गल्लीत सगळेच त्यांना सासूबाई म्हणतात. खऱ्या सासू त्या एकाच माणसाच्या, ब्रेकमास्तरच्या. पण एवढी सासू एकट्याला पेलवायची नाही, म्हणून आम्ही थोडी थोडी वाटून घेतली.

आयुष्य गेलं प्रसूतिगृहात नर्स म्हणून. जन्मल्याबरोबरची पहिली चापट अर्ध्या गावाने त्यांच्याच हातची खाल्ली आहे. निवृत्त झाल्यावर माणसं गुडघे धरून बसतात. बाईंनी स्टिअरिंग धरलं. शिकवायला घरचाच जावई. त्याचं ड्रायव्हिंग स्कूल आहे, आणि वयस्कर मंडळींसाठी त्याने मुद्दाम ऑटोमॅटिक गाडी घेतलेली. सासूला शिकवायचं आणि आवाज चढवायचा नाही! बिचारा घरी येऊन उशीत तोंड खुपसून ओरडायचा. हे त्याच्या बायकोनेच मला सांगितलं, आणि कुणाला सांगू नका असंही बजावलं. म्हणून तर इथे लिहितोय.

बाई शिकल्या मात्र झकास. लायसन्सच्या परीक्षेची तारीखही मिळाली. तेवढ्यात एके सकाळी त्यांनी उतारावर गाडी लावली, गिअरची दांडी पार्किंगवर टाकली, खाली उतरल्या, आणि गाडी आपली आपण निघाली ती थेट न्हाव्याच्या दारातल्या बाकावर. बाकावर कुणी नव्हतं, म्हणून नुसता बाकच गेला.

"न्यूट्रलवर सोडलीत तुम्ही," मास्तर म्हणाला.

"पार्किंगवर टाकली होती, जावईबापू."

"गाडी चुकत नसते, आई. माणूस चुकतो."

गल्लीने मास्तरचीच री ओढली. बाईंनी परीक्षा रद्द केली आणि किल्लीला हात लावणं सोडलं. एकदा हळूच मला म्हणाल्या, "डोकं दगा द्यायला लागलंय हो माझं. आज गिअर, उद्या गॅस." एरवी मी चिडवलं असतं. त्या दिवशी चहा करून दिला, म्हणजे बघा!

पुढे एकदा मास्तर त्याच गाडीतून मला चष्म्याच्या दुकानात सोडायला निघाला होता. मागच्या सीटवर सासूबाई आणि मी. वाटेत फोन वाजला. मास्तरने सवयीने बटण दाबलं, आणि गाडीच्या स्पीकरवर एक मुलगी बोलू लागली.

"सर, गाडीच्या कंपनीतून बोलतेय. गिअरच्या दोषाबद्दल आम्ही तुम्हाला मेसेज पाठवले होते..."

"नंतर बोलू, मी गाडी चालवतोय."

"बोल गं बाळ, मोठ्याने बोल," मागून सासूबाई. "मला जरा कमी ऐकू येतं."

बंद दाराआडची कुजबुज जिला शब्दन् शब्द कळते, ती बाई हे म्हणाली!

"आजी, या मॉडेलच्या गाड्या दुरुस्तीला परत बोलावल्यात. गिअरच्या केबलच्या टोकाला प्लास्टिकची छोटी कडी असते, बुश म्हणतात, ती तुटते. मग दांडी पार्किंगवर दिसते, पण आत गिअर पडलेलाच नसतो. उतारावर गाडी सुटू शकते. काम फुकट आहे. तोवर हँडब्रेक ओढल्याशिवाय उतरू नका."

मास्तरचे कान मागूनही लाल दिसत होते.

"जावईबापू, ते मेसेज?"

"जाहिरात समजून पुसले."

"आणि हँडब्रेक? ऑटोमॅटिकला लागत नाही, असं मला कोणी शिकवलं?"

"मी." मग अगदी बारीक आवाजात, "चुकलं माझं, आई."

"जरा मोठ्याने. मुलगी अजून फोनवर आहे, तिलाही ऐकू दे."

गाडी तिथूनच सर्व्हिस सेंटरकडे वळली. माझा चष्मा राहिला. पण हा तमाशा बघायला चष्मा कशाला हवा?

मेकॅनिकने जुनी बुश काढून बाईंच्या तळहातावर ठेवली. नखाएवढं प्लास्टिक, तेही चिरलेलं. "मेल्या, तू होतास होय!" म्हणत बाई इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. नवी बसवून मेकॅनिकने विचारलं, "गाडी कोण नेतंय?" मास्तरने किल्ली सासूबाईंपुढे धरली.

बाईंनी सीट पुढे ओढली, आरसा आपल्याकडे वळवला. "बेल्ट लावा, जावईबापू. आणि मागचे, तुम्ही गप्प बसा."

घरापाशी त्याच उतारावर त्यांनी गाडी लावली. दांडी पार्किंगवर, वर हँडब्रेक. उतरून बॉनेटवर हात ठेवून उभ्या राहिल्या, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. गाडी जागची हलली नाही.

"परीक्षेची नवी तारीख घ्या," त्या म्हणाल्या. "सकाळची घ्या. दुपारी मला झोप येते."