चप्पल बांधलेलं सीताफळ

कमठाण्यात माझ्या दिराला लोक फळझाडांचा डॉक्टर म्हणतात. ते ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. त्याच्या रोपवाटिकेचं नाव ज्या सीताफळावर झालं, ते मी तयार केलं होतं. शाळेत शिकवायला जायच्या आधी मी शेतात जायची, एका झाडाचा पराग ब्रशनं दुसऱ्याच्या फुलात घालायची आणि त्या फळाच्या बिया पेरायची. बहुतेक रोपं वायाच जायची. दीर सगळ्यांसमोर म्हणायचा, "वैनी फुलांची लग्नं लावायल्यात!" शेवटी एक झाड मनासारखं निघालं. मी माहेरी, राजेश्वर गावात, लग्नाला गेले आणि इकडे यानं त्याच्या काड्या कापून नेल्या, कलमं बांधली, वर स्वतःच्या नावाची पाटी लावली. नवरा म्हणाला, "घरातलीच गोष्ट हाय, कामून तोंड वाजवायलीस?" मी गप्प बसले. विसरले मात्र नाही.

त्या वाणात एक खोट होती. हैदराबादच्या बाजारात पोचेपर्यंत फळ मऊ पडायचं. मी पुन्हा ब्रश हातात घेतला आणि काही वर्षांनी बिया कमी, गर भरपूर आणि टिकाऊ फळाचं झाड मिळालं. हे दुबलगुंडीच्या कोरडवाहू शेतकऱ्यांना द्यायचं, आणि या वेळी माझ्याच नावानं, असं मी ठरवलं.

दिराच्या आमच्या शेतातल्या फेऱ्या वाढल्या. आमच्याकडे सगळ्यात चांगल्या झाडाला दृष्ट लागू नये म्हणून जुनी चप्पल बांधतात. मीही बांधली, पण कोपऱ्यातल्या झाडाला. त्याचं फळ म्हणजे नुसत्या बिया, तेही झाडावरच तडकणारं. पानगळीत सगळी झाडं सारखीच काटकुळी दिसतात. आठवड्याच्या आत कोपऱ्यातल्या झाडाचे शेंडे कापलेले दिसले. त्या दिवशी मी घरात पुरण घातलं.

आधी त्या काड्यांच्या कलमांनी स्वतःचं शेत भरायचं आणि मग रोपं विकायची, असा दिराचा बेत होता. सगळं शेत भरलं त्यानं. झाडं फळाला आल्यावर मी रोज मुद्दाम त्याच्या बांधावरून जायची. तडकलेली फळं बघून मला इतकं बरं वाटायचं की काय सांगू.

मग मी दुबलगुंडीकरांना काड्या द्यायला अंगणात बोलावलं. दीरही आला. झाडं छाटून वर नवी कलमं बांधली तरच त्याची बाग वाचणार होती.

"वैनी, मलाबी काड्या द्या. बाग बिघडलीय."

"आधीच्या काड्या कुठल्या होत्या, भावजी?"

त्यानं चहाचा कप खाली ठेवला.

"तुमच्याच शेतातल्या," तो पुटपुटला. "पयल्या बी, ह्या बी. न विचारता नेल्या."

"मोठ्यानं सांगा. मागच्यांना ऐकू आलं न्हाई."

त्यानं उभं राहून सांगितलं. सगळ्यांना नीट ऐकू गेलं. मी तरीही तिसऱ्यांदा सांगायला लावलं.