समासातली भांडणं

कादंबरी वाचणारी चार माणसं एकत्र आली की कादंबरी बाजूला राहते आणि किस्से साठत जातात. भिवंडीच्या आमच्या वाचन मंडळाचे माझ्याकडे पोतंभर आहेत.

यंदा मंडळाने एक जुना परदेशी कादंबरीकार वाचायला घेतला होता. त्याला माणसाचं मन पुरतं कळलं होतं, असं मंडळाचं मत. माझ्या नवऱ्याचं, अनिलचं, नव्हतं. तो पेन्सिल घेऊन वाचायचा आणि समासात त्या लेखकाशी भांडायचा. फाल्गुनात अनिल गेला. त्याची ती प्रत मंडळातच कुणाकडे तरी फिरत होती. मला ती हवी होती.

•

मंडळ भरायचं दापोड्याला, पाटलांच्या गोदामाच्या ऑफिसात, एसीत. एकदा कादंबरीतल्या म्हाताऱ्या मोलकरणीवर चर्चा रंगली. पाटलांचे डोळे भरून आले. तेवढ्यात पॅकिंगच्या एका बाईने काचेवर टकटक केलं, प्यायला पाणी मागितलं.

"मंग पी गो बाय, आधी गाडी भरून होऊं दे," पाटील म्हणाले. मग डोळे पुसून, "हां, वाचा म्होरं."

अनिलने त्या पानावर लिहिलं, 'ती बाहेर उभी आहे.'

•

अनिल गेल्यावर ग्रुपवर रोज सकाळी त्या लेखकाचे मृत्यूवरचे विचार येऊ लागले, खाली गुलाब. पाठवणाऱ्या वैशालीताई आमच्या समोरच्याच इमारतीत राहतात. मी विचारलं, "अनिलचं पुस्तक कुणाकडे आहे?" त्यांनी जोडलेले हात पाठवले.

दुसऱ्या दिवशी एकटेपणावरचा विचार आला. वैशालीताई गॅलरीतच उभ्या होत्या, फोन हातात. मी दिसले तशा आत गेल्या.

•

पाटलांचा फोन आला. "वहिनी, एका पुस्तकासाठी कशाला जीव जाळता? नवीन मागवतो. आपल्याला काय कमी हाय?"

"मला तेच हवंय."

"अहो, आतमधली गोष्ट तर तीच र्‍हानार ना?"

•

मग मंडळाने श्रद्धांजली सभा ठेवली. तासभर सगळे त्या लेखकावर बोलले. शेवटी मला म्हणाले, "वहिनी, दोन शब्द."

मी म्हटलं, "पुस्तक द्या."

"पुस्तक द्या, ज्ञान द्या," सूत्रसंचालकांनी माझं वाक्य पूर्ण केलं. टाळ्या पडल्या.

•

परवा मंडळाचे अध्यक्ष आले. कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालेले. सगळे त्यांना सर म्हणतात. कोन गावाहून रिक्षा करून, भर उन्हात. पुस्तकाला नवं ब्राउन कव्हर घातलेलं.

"उशीर झाला, वहिनी. काम वेळखाऊ होतं."

मी पुस्तक उघडलं. मोलकरणीचं पान काढलं. मग त्याच्या पुढचं, मग त्याच्या पुढचं. समास पांढरे होते, थोडे खरखरीत. खोडरबराचा चुरा माझ्या मांडीवर पडला.

"त्यांचं अक्षर दिसलं की तुम्हाला त्रास होणार," सर म्हणाले. "एवढी वर्षं वाचतोय, माणसाचं मन थोडंफार कळतं हो."