मी न लिहिलेली टेस्ट

आधीच सांगते, भूतबित मी मानत नाही. "ताई, घरात काहीतरी बाहेरचं असेल" असलं ज्ञान कमेंटमध्ये पाजळायचं असेल, तर दुसरीकडे जा बाप्पा.

मी तुमसरला घरून काम करते. नागपूरची छोटी कंपनी, राईस मिलच्या मशिनींचं सॉफ्टवेअर. कोड बदलला की सर्व्हर आपणहून शेकडो लहान टेस्ट चालवतो, अन् एक जरी लाल, म्हणजे नापास, आली की बिल्ड, म्हणजे मिलला द्यायचं तयार सॉफ्टवेअर, अडतं. त्या दुपारी एकच लाल होती — 'झाकण उघडं असताना मोटर सुरू होऊ नये.' धान वर नेणाऱ्या एलिव्हेटरची. ही टेस्ट मी लिहिली नव्हती. टीममध्ये मी अन् सर, दोघंच. त्यांनीही नव्हती लिहिली. लिहिणाऱ्याच्या नावाची जागा कोरी होती.

कोड तपासला, बरोबर होता. माझ्या लॅपटॉपवर टेस्ट हिरवी, सर्व्हरवर लाल. डोकं फिरलं माझं. उडवून टाकली… पुढच्या बिल्डला पुन्हा हजर. परत उडवली, परत आली.

सरांना फोन लावला.

"अरे यार, स्किप मारून दे ना. कायले डोकं लावून राहिली? उद्या मिलवाल्याले द्याचं आहे."

"सर, त्या मिलमध्ये माझे बाबा ऑपरेटर आहेत."

"मग तर चांगलंच आहे. बाबाले सांग, झाकण उघडू नका म्हणा."

राग आला, पण टेस्टचं नाव वगळायच्या यादीत टाकलंच. खोटं कशाला बोलू, मलाही सुटायचं होतं. बिल्ड हिरवं झालं.

चौथ्या दिवशी बाबांनी अडकलेला कचरा काढायला झाकण उघडलं, अन् बंद मोटर सुरू झाली. उजव्या हाताची तीन बोटं गेली.

नंतर मी सगळा जुना कोड पालथा घातला. ती टेस्ट कुठेच नाही, कधी नव्हतीच. वगळायच्या यादीत तिचं नाव तेवढं आहे, अन् टाकणारी मी. सर म्हणतात, "तूच लिहिली असशील, विसरली." कोडमधली चूक आजवर सापडली नाही. अन् ज्यानं कोणी ती टेस्ट टाकली त्याला सावध करायचंच होतं, तर बाबांना करायचं होतं ना… मला लाल दिवा दाखवून काय मिळालं त्याला?

बाबा डाव्या हातानं जेवायला शिकून राहिले आहेत. काल म्हणाले, "माझीच चूक झाली बेटा. मोटर मीच नीट बंद केली नसन."

मी वरण वाढलं.