कामाचा पट्टा चढल्यावर

अंधांना वाट दाखवणारे कुत्रे तयार करणं हा तिचा धंदा, म्हणून सगळे तिला मास्तरीण म्हणत. कुत्र्यांशी बोलताना तोंडात साखर, माणसांशी बोलताना मिरची. नियम एकच: कुत्र्याच्या अंगावर कामाचा पट्टा चढला की त्याला कुणी हात लावायचा नाही, हाक मारायची नाही, खाऊ तर नाहीच नाही. नियम मोडला तर कुत्रा परत. मग समोर देव का असेना!

त्या दिवशी ती तणतणतच जिना चढली. तिथे राहणारा, तिने कुत्रा दिलेला आंधळा टेलिफोन ऑपरेटर मोटारीखाली जाता जाता वाचला होता. समोरच्या फुटपाथवरून त्याच्या वहिनीने बिस्कीट दाखवून हाक मारली, आणि वर्षभर घोटवलेलं सगळं विसरून कुत्रं भर रहदारीत धावलं. मालकाचा गुडघा फुटला.

"प्रेमानं देते हो मी," वहिनी म्हणाली. "मुकं जनावर बिचारं."

"प्रेम गेलं चुलीत! माणूस मेला असता तुमचा."

"इतकी वर्षं माझा हात धरून ऑफिसला गेले, तेव्हा नाही मेले ते!" वहिनी उसळली. "आता कुठे जातात, कधी येतात, काही सांगायची पद्धत नाही. कुत्रं आलं आणि आम्ही परके झालो."

अस्सं! म्हणजे चुकून झालेलं नव्हतं काहीच. रोज चोरून खाऊ घालून बाईनं कुत्रं फितवलं होतं. मास्तरणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"नेऊ नका हो याला, एकदा बघा तरी," आंधळा दीर काकुळतीनं म्हणाला. "मला दारापर्यंत नेऊन दाखवतो हा." त्याने स्वतः पट्टा चढवला, पट्ट्याची मूठ धरली. "चल."

कुत्रं दाराकडे निघालं. वहिनीने हाक मारली नाही की काही नाही, नुसतं डब्याचं झाकण उघडलं. कुत्रं वळलं आणि लंगडणाऱ्या मालकाला ओढत तिच्या पायाशी जाऊन बसलं.

मास्तरणीच्या जिभेवर शिव्या आल्या होत्या. पण कुत्रा न्यायलाच हवा होता, आणि तो नेला की हा माणूस पुन्हा या बाईच्या हाताला लागणार, हेही तिला दिसत होतं.

"नेता कशाला?" वहिनी आता मऊ आवाजात म्हणाली. "राहू दे की इथंच. खाईल, झोपेल, कुणाच्या अध्यात ना मध्यात. भाऊजींना न्यायला-आणायला मी आहेच."

दीर खाली बसला. चाचपडत पट्ट्याचं बक्कल सोडलं आणि पट्टा मास्तरणीपुढे धरला.

"घेऊन जा याला. या घरात एक पाळलेला आहे, तेवढा पुरे."