मास्तरांचा बसलेला घसा

देवासात मला आता कुणी नावानं हाक मारत नाही. रस्त्यानं निघालो की पोरं ओटल्यावरून ओरडतात, "चिंच!" आणि खिदळतात. नकला करून ह्यांना असं खिदळायला मीच शिकवलं. आता तक्रार कुणाकडे करू?

आमच्या शाळेत कवायतीचे मास्तर होते. सकाळी कवायत, संध्याकाळी चेंडूफळी, म्हणजे साहेबलोकांचं क्रिकेटच. चामड्याचा चेंडू निघायचा फक्त धारच्या शाळेशी म्याच असली की. एरवी चिंध्या गुंडाळून वर सुतळी आवळलेला मऊ चेंडू. मास्तर आधी पागेत होते, घोडी शिकवता शिकवता पोरांकडे आले. "घोडं बरं, उलट बोलत नाही," म्हणायचे.

त्यांनी पोरांकडून एक गोष्ट घोटून घेतली होती. चेंडू उंच गेला की सगळ्यांनी धावायचं नाही. मास्तर ज्याला हाक देतील त्यानंच झेलायचा, बाकीच्यांनी दगडासारखं उभं राहायचं. हाक नावानं नाही. ज्याच्या पाठीशी जे, ते त्याचं नाव. चिंचेखालचा तो चिंच, विहिरीजवळचा विहीर, टेकडीकडचा टेकडी. "चिंऽच!" म्हणाले की टेकडीवर दर्शनाला चढणाऱ्या बायका दचकायच्या.

मी वरच्या वर्गात. खेळात शून्य, नकलेत पहिला.

त्या साली ज्येष्ठात मास्तरांचा घसा बसला तो उठेचना. हळद झाली, ज्येष्ठमध झालं, वैद्याचे काढे झाले. तोंडातून नुसती हवा निघायची. आणि हेडमास्तर आधीच बोलून बसले होते, "यंदा धारला हरलात तर इंदूरहून तरुण माणूस आणतो." घसा गेल्याचं कळतं तर तेवढेही थांबले नसते.

मग मास्तरांनी चातुर्मासाचं मौन धरलं. आमच्यात कुणी चातुर्मासात वांगं सोडतं, कुणी कांदा. ह्यांनी बोलणं सोडलं, असं त्यांच्या पत्नीनं, आमच्या काकूंनी, घरोघर सांगितलं. मैदानावरच्या हुकमाला तेवढी सूट ठेवली. ते हुकूम द्यायचे मी.

त्यांनी मला घरी बोलावून कानाशी कुजबुजत म्हटलं, "पोपटा, माझी नक्कल चोरून करतोस ना? आता उघड कर." मी लाजेनं अर्धा झालो, पण केली. आतून काकू पिठाच्या हातानं धावत आल्या, "अगंबाई, आला का हो गळा?" आणि मला बघून तशाच उभ्या राहिल्या. त्या दिवशी मला हसू आलं नाही.

रोज संध्याकाळी मास्तर मैदानावर उभे राहून ओठ हलवायचे आणि मी भिंतीआडून ओरडायचो. पोरांना सगळं ठाऊक होतं, एकानं फोडलं नाही. हेडमास्तर वरांड्यातून खूश होऊन मान डोलवायचे.

दसरा झाला आणि आम्ही बैलगाड्यांनी धारला गेलो. पोचल्यावर मास्तर पोरांना घेऊन मैदान बघायला निघाले. माझ्या कानाशी म्हणाले, "चल. इथं चिंच आहे, पण भलत्या बाजूला. नवी नावं पाडायची आहेत."

"तुम्ही व्हा पुढं, मी आलोच," म्हटलं आणि धारच्या पोरांत घुसलो. त्यांच्या हेडमास्तरांची चाल करून दाखवली. "अरे भिया, ये तो हूबहू!" म्हणत त्यांनी शेव खाऊ घातली. मग मी आणखी दोघांच्या नकला काढल्या. मैदान राहिलंच.

म्याचला मास्तर आमच्या गाडीला टेकून उभे, मी मागे टपाच्या आड. ते मान न वळवता कुजबुजायचे, मी ओरडायचो. "वेस!" "तळं!" कोण वेस आणि कोण तळं, मला पत्ता नव्हता, पण निभत होतं. धारचा शेवटचा गडी खेळायला आला, त्यांना एकच धाव हवी होती. त्यानं चेंडू आभाळात उडवला. हा झेलला की आम्ही जिंकलो. लोकांनी एकच गिल्ला केला आणि त्यात मास्तरांची कुजबुज बुडाली. मी पाहिलं तर चेंडूखाली तोच पोरगा, देवासात रोज चिंचेखाली असतो तो. तोंड आपोआप उघडलं.

"चिंऽच!"

आवाज काय लागला होता! पण तो पोरगा इथं तळं होता. हाक आपली नाही म्हटल्यावर त्यानं उचललेले हात खाली घेतले. मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाहून धारच्या चिंचेखालचा आमचा गडी बिचारा जीव खाऊन धावत आला. चेंडू पहिल्याच्या पायाशी पडला. तेवढ्यात ते धावले आणि जिंकले.

आमचे हेडमास्तर तरातरा आले. "चेंडू कुठं, हाक कुठं! डोकं ठिकाणावर आहे का? बोला की मास्तर! मैदानावर मौन सुटतं ना तुमचं?"

पोरं गाडीकडे बघायला लागली. मी टपाआडून बाहेर आलो. मास्तरांनी मला पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. हेडमास्तरांना वाटलं, मौन दाखवतायत. मी गप्प राहिलो. गप्प राहणं किती सोपं गेलं!

कार्तिकी एकादशी यायच्या आत मास्तर आणि काकू नेमावरला गेले, काकूंच्या माहेरी. ते गेल्यावर मला धीर आला. हेडमास्तरांच्या खोलीत जाऊन सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता मास्तरांना परत बोलावतील.

ते ऐकत राहिले. मग कारकुनाला हाक मारली, "इकडे या हो, हा काय म्हणतो ऐका." आणि मला म्हणाले, "करून दाखव."

मला रडू येत होतं. पण समोर दोन माणसं वाट बघत होती, दारात आणखी दोन येऊन ठेपली. मी छाती भरून घेतली.

"चिंऽच!"

हेडमास्तर टेबलावर हात आपटून हसले. "वा रे वा! पुन्हा!"

मी पुन्हा केलं.

खिडकीतून मैदान दिसत होतं. इंदूरचे नवे मास्तर पोरांना रांगेत उभं करत होते. त्यातला एक रांग सोडून, ओंजळ पुढं करून, आभाळात चेंडू शोधत धावत होता.